सासूबाईंसाठी रिकामी केलेली खोली

आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीन खोल्या आहेत, असं मी लोकांना सांगत असे. बायको दोनच सांगायची. तिचंच खरं होतं, कारण तिसऱ्या खोलीत माझे खोके राहायचे.

केंद्र सरकारच्या नोकराची बदली कधीही होऊ शकते, या एका विचारावर मी दिल्लीत वीसेक वर्षं काढली. टीव्ही आणला, खोका ठेवला. मिक्सर आणला, आतल्या थर्माकोलसकट खोका ठेवला. उद्या ऑर्डर आली तर सामान कशात घालून न्यायचं? ऑर्डर काही आली नाही. वस्तू मात्र एकेक करून निवृत्त होत गेल्या. "फ्रिज भंगारात जाऊन किती वर्षं झाली," बायको म्हणायची, "त्याचा खोका अजून ऑर्डरची वाट बघतोय."

खोक्यांच्या मागे रजयांची चळत. ती पाहुण्यांसाठी. एके काळी दिल्ली-आग्रा-हरिद्वार करायला निघालेलं सगळं गणगोत आमच्याकडे उतरायचं, आणि सकाळी बैठकीत आडवे झालेले मामा-मावश्या ओलांडून मी ऑफिस गाठायचो. आता ते फोनवर हॉटेल बुक करतात. एका संध्याकाळी पोहे खायला येतात, "उगाच तुम्हाला त्रास कशाला" म्हणतात आणि करोल बागेत खरेदीला जातात. तरी रजया होत्या. कुणी आलंच तर?

शेवटी यायचं ठरलं ते माझ्या सासूबाईंचं. सासरे गेल्यापासून त्या साताऱ्यात एकट्याच राहत होत्या. त्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि शेजारणीच्या लक्षात येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. तेव्हापासून बायकोला धड झोप नव्हती. आईनं आता कायमचं आपल्याकडे राहावं, एवढं एकच तिच्या मनात होतं. सासूबाई बधत नव्हत्या. "थोडे दिवस येऊन जाते," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमच्याकडे तरी जागा कुठाय?"

फोन ठेवून बायकोनं तिसऱ्या खोलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. नजर एकच होती.

रविवारी कबाडीवाल्याला वर बोलावलं. तो खोके भराभर चपटे करत सुटला. फ्रिजच्या खोक्याला हात लागला तसा मी म्हणालो, "भैया, इसे रहने दो."

"फ्रिज किधर है, बाबूजी?" त्यानं इकडेतिकडे बघत साधेपणानं विचारलं.

दारात उभी असलेली आमची मुलगी, जन्मापासून दिल्लीतली, म्हणाली, "बाबा, जाने दो ना यार. खोका आहे, आपला रिलेटिव्ह नाहीये."

तरी मिक्सरचा खोका मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बायको तो घेऊन खाली आली. "अहो, याला आवरणं नाही म्हणत," ती म्हणाली. "ही बदली झाली."

रजया बेघरांच्या रैनबसेऱ्यात, रात्रीच्या निवाऱ्यात, दिल्या. खोलीला पांढरा रंग काढला. पलंग, खुर्ची आणि एक कपाट; कपाटाच्या खणांत बायकोनं नवे कागद घातले, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. खोली इतकी मोठी आहे हे मला तेव्हा कळलं. मी शेजाऱ्यांना बोलावून ती दाखवली. जणू मीच बांधली होती.

सासूबाई एक बॅग घेऊन आल्या. दारातून खोली बघितली, "छान आहे, ऐसपैस," म्हणाल्या आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

ती तिथंच राहिली. रोज सकाळी त्या बॅग ओढून घ्यायच्या, एक लुगडं काढायच्या, कालचं वाळलेलं घडी करून आत ठेवायच्या आणि चेन लावून टाकायच्या. कपाटात डांबराच्या गोळ्या तेवढ्या राहत होत्या.

"आई, कपाट तुझ्यासाठीच रिकामं केलंय," बायको एकदा म्हणालीच.

"असू दे गं. जाताना परत भरायचा व्याप."

बायकोनं कणीक अशी तिंबली की त्या दिवशीच्या पोळ्या कुणालाही तुटेनात. मीही चावत राहिलो. एवढी मोठी त्यागाची खोली, आणि तिचा असा पराभव.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी विचारून टाकलं, "आई, खोली आवडली नाही का?"

"न आवडायला तिथं आहे काय, जावईबापू?" त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून, "राग मानू नका. दवाखान्यात ठेवल्यासारखं वाटतं. माणूस बरा झाला की घरी जायचं."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग तूच भर ना ती खोली. मी काही आणणार नाही."

"मी? तुझ्या घरात?"

"माझं कुठलं? सरकारचं आहे."

सासूबाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

शनिवारी आमच्या कॉलनीबाहेर बाजार भरतो. तिथं एक माणूस जमिनीवर दगडी सामान मांडून बसतो. सासूबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि एकेक खलबत्ता बोटांनी वाजवून बघू लागल्या. त्यांनी सगळ्यात मोठा निवडला.

"भैया, बहुत जास्ती बोलता तुम."

"माताजी, बीस साल चलेगा."

"मैं इतना नहीं चलेगी. कम करो."

सौदा जमला. खलबत्ता अर्थात माझ्या छातीशी आला. दोन जिने चढताना मला एवढं कळत होतं, की हे धूड कुणी साताऱ्याच्या गाडीत घालून नेणार नाही. पण बोलायला दम नव्हता. सासूबाई पुढे बत्ता घेऊन चालल्या होत्या आणि बायकोला सांगत होत्या, की तुमच्या मिक्सरमधली चटणी म्हणजे नुसता लगदा.

दारातून आत शिरलो आणि माझ्याच तोंडून निघालं, "हा एवढा मोठा ठेवायचा कुठं?"

माय-लेकी दोघी थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"माझ्या खोलीत," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीखाली." मग लेकीकडे वळून, "ती बॅग ओढ गं जरा पलंगाखालची. लुगडी लावून टाकते कपाटात."

बायको धावलीच. दोघी मिळून लुगड्यांच्या घड्या बाहेर काढू लागल्या, कुठल्या खणात काय यावर लगेच वादही सुरू झाला. मी मधोमध खलबत्ता धरून उभा होतो. तो खाली ठेवा, असं मला सांगायचं कुणाच्याही लक्षात नव्हतं.