मनकर्णाबाईंनी पाहिलेली दिल्ली

"पण तुमी मिनारावर गेलतेच कवा?" मनकर्णाबाईंनी चुलीपासून पुन्हा तेच विचारलं, आणि ओसरीवर दिल्लीच्या गोष्टी सांगत रंगात आलेले त्यांचे यजमान नत्थूजी कुतुबमिनाराच्या अर्ध्यावरच अडकले.

आर्वीच्या त्या घरात सकाळपासून याच मिनारावरून जुंपली होती. नत्थूजींचा धाकटा भाऊ भैयाजी दिवाळीनंतर बायकोला, सखूला, घेऊन दिल्ली पाहायला निघणार होता. नत्थूजी मागे एकदा जाऊन आलेले. तेव्हा वाट दाखवायला तेच जाणार, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मनकर्णाबाईंचं नाव कोणी काढलं नाही. त्यांनी तर दिल्ली पाहिलीच होती.

पाहिली ती अशी. धर्मशाळेच्या खोलीला कडी होती, पण परमुलखातल्या कडीवर नत्थूजींचा भरवसा नव्हता. म्हणून वळकटी, पितळी डबा, फिरकीचा तांब्या आणि स्टोव्ह हे सगळं रोज टांग्यातून दिल्ली पाहायला निघे. दुसऱ्या कोणी कुलूप नेलं असतं. नत्थूजींनी बायको नेली होती. लाल किल्ल्याच्या दाराबाहेर त्या वळकटीवर बसल्या, जंतरमंतरच्या कुंपणापाशीही बसल्या. गावी आल्यावर शेजारणींनी किल्ला कसा आहे विचारलं, तेव्हा त्यांनी दारापुढच्या चणेवाल्याची हकीकत सांगितली. त्याचं सासूशी पटत नव्हतं. आत काय असेल, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

नत्थूजींनी घसा खाकरून पुढे रेटलं, की मिनारावरून सारी जमना दिसते, माणसं मुंग्यांएवढी होतात. मनकर्णाबाई पदराला हात पुसत ओसरीवर आल्या. आवाज न चढवता त्यांनी दिराला सांगितलं, की मिनाराच्या दारासमोरच त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. हे आत गेले, आणि ओंजळभर शेंगा संपायच्या आत भिंत धरधरून बाहेर आले. जिन्यात अंधार होता म्हणे.

"अंधार नाई, गर्दी होती," नत्थूजी म्हणाले.

सखूनं पदर तोंडाशी धरला. भैयाजीनं जपून विचारलं, "मंग वैनी, ते जमना?"

"ते मले टांगेवाल्यानं सांगतलं. अन् ह्यायले मी सांगतलं."

नत्थूजींनी पानाचा डबा उघडला, बंद केला.

"भाऊजी, दिल्लीले तुमच्यासंग मी येतो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे घरी राह्यतीन. घराले कुलूप लावाचं काम नाई."