डिस्टिंग्विश्ड डेलिगेट्स आणि आमची पुळण

"पोपट बरा पढवलात हो!" तालुक्याचे साहेब ग्रामसेवकाला म्हणाले आणि खुर्च्यांवरची सगळी हसली.

पोपट म्हणजे मी. वय बासष्ट, केस पांढरे, हातात झेंडूचा हार. आमच्या किनाऱ्यावर पर्यटनाचं काही मोठं करायचं, म्हणून परदेशातले अधिकारी जागा बघायला येणार होते. ग्रामपंचायतीत तालीम चाललेली. मी महिला गटाची अध्यक्ष, तेव्हा स्वागत माझ्याकडे. बोलायचं एवढंच: "डिस्टिंग्विश्ड डेलिगेट्स, वेलकम." हार घालायचा आणि मागे व्हायचं. मी एका दमात चोख म्हटलं. तरी हसली. चुकले असते तरी हसलीच असती.

शाळेची पायरी मी चढले नाही. सुकट बांधायला रद्दी आणायचे, तिच्यावरच अक्षरं लावायला शिकले. ते ह्यांना काय सांगायचं?

हसणं मी गिळलं असतं, आजवर गिळलंच की. पण साहेब जाता जाता म्हणाले, "आणि आजी, उद्या ती घाण उचला. पाहुण्यांना किनारा मोकळा दिसला पाहिजे."

घाण म्हणजे आमचे बांगडे. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत सुकत घातलेले. माझ्या सासूनं तिथेच घातले, तिच्या सासूनंही. कागदावर आमचं कुणाचं नाव नाही. मासळी दिसते, तीच काय ती आमची खूण. ती उचलली, की जागा मोकळी. मोकळी म्हणजे कुणालाही द्यायला मोकळी. हार हातात धरून उभी होते, तिथंच हे डोक्यात लख्ख उतरलं.

घरी धाकटी जाऊ म्हणाली, "वयनी, एक दिस उचलूया गो. सायबाशी वैर कित्याक?"

"एक दिस उचललव तर मगे खंय घालतलव? तुझ्या न्हाणयेत?"

सकाळी आम्ही बायकांनी रोजच्या दुप्पट मासळी घातली.

पाहुणे उतरले, सोबत एक दुभाषी पोरगी. मी हार घातला. "डिस्टिंग्विश्ड डेलिगेट्स, वेलकम." शिकवलेलं संपलं. मागे झाले नाही.

"ही पुळण मोकळी नाय. हय आमी मासळी सुकयतव. ह्येच्यार आमची घरां चलतत. सांग गो ह्यांका इंग्लिशीत."

पोरगी साहेबांकडे बघायला लागली. साहेब डोळ्यांनीच नको म्हणत होते.

"सायबाकडे काय बघतंस, चेडवा? मी बोलतंय."

तिनं सांगितलं. घाबरत, पण सगळं सांगितलं. पाहुण्यांतली एक बाई वहीत लिहीत राहिली.

तिनं काय लिहिलं, मला ठाऊक नाही. जागेचं अजून काही ठरलेलं नाही. माझं अध्यक्षपद मात्र आठवड्यात गेलं. पुढच्या पाहुण्यांच्या स्वागताला म्हणे दुसरी कोणी आहे, नीट वागणारी.

असू दे. ते उतरतील तिथे बांगडे असतील आणि बांगड्यांजवळ मी. उचलायचे तर साहेबानं आपल्या हातानं उचलावेत. माझा हात आता लागायचा नाही.