रात्रपाळीचा जोड

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या एका सरकारी संगणक केंद्रात नोकरीला होतो. आमच्याकडे एक प्रोग्राम आला होता, जो स्वतःच प्रोग्राम लिहायचा. कोणते रकाने हवेत ते भरून द्यायचं, की तो कोबोल या संगणकभाषेतल्या ओळी काढून द्यायचा. एका कॉलेजनं तो टेपवर फुकट पाठवला होता, त्याच्या मूळ कोडसकट. सोबतच्या पत्रात होतं : वापरा, बदला, दुसऱ्यांनाही द्या. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि यात फसवणूक कुठे आहे ते शोधायला मला सांगितलं. मला सापडली नाही.

या प्रोग्रामला आपला तुकडा बाहेरून जोडता येई. खापरखेड्याच्या वीज केंद्राला कोळशाच्या वॅगनींचा पाळीवार तक्ता हवा होता. पाळी म्हणजे काय, हे मूळ प्रोग्रामला ठाऊक नव्हतं. म्हणून मी आणि माझ्या सहकारी बाईंनी तसा जोड लिहिला.

तिथले एक वयस्क कारकून हा तक्ता वर्षानुवर्षं हातानं करत आले होते. पडताळणीसाठी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. ते रोज बसनं येत, कागद बघत, सही करत आणि परत जात. तीन आठवड्यांनी त्यांनी पेन खाली ठेवला.

"तुमची मशीन रात्रपाळी मधातून कापून राहिली गा."

मी म्हटलं, तारीख रात्री बारालाच बदलते.

"कॅलेंडरची बदलते. आमची सकाळी सहाले बदलते."

एवढे दिवस सांगितलं काहून नाही, असं बाईंनी विचारलं. तक्ता बरोबर निघाला तर आपलं काय काम उरणार, असं कारकुनांना वाटलं होतं, आणि ते त्यांनी तसंच सांगून टाकलं.

"मग आज काहून सांगितलं?"

"चुकीच्या कागदावर माही सही जाऊन राहिली, बाई. झोप नाही लागत."

बाईंनी त्यांना शेजारी बसवलं. दुपारपर्यंत जोड दुरुस्त झाला. त्याची एक प्रत आम्ही त्या कॉलेजलाही पाठवली.

कारकुनांची नोकरी गेली नाही. रकाने भरून द्यायला ते शिकले आणि सुट्ट्यांचा, सायकल स्टँडचा, कॉलनीतल्या पाण्याच्या वेळांचा असे तक्ते मागवू लागले. शेवटी साहेबांनी लेखी कळवलं की आठवड्याला दोनच.