दूध कट्ट्यावरचा म्हातारा

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायला लागलो. तिथं म्हशीची समोरच धार काढून फेसाळ दूध तसंच ग्लासात देतात. एक नव्वदीतला म्हातारा रोज यायचा. तोंडातली तंबाखू थुंकायचा, दूध एका दमात प्यायचा आणि मिशीवरचा फेस पुसायच्या आत नवी तंबाखू मळायला घ्यायचा. बघून माझं डोकं फिरायचं. माझी बायको डॉक्टरचं ऐकून अळणी खायची, रोज रंकाळ्याला फेरी मारायची आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली.

एकदा राहवेना. म्हटलं, "बाबा, एवढी तंबाखू खाऊन तुम्ही जगताय कसं?"

"मी काय केलंय त्यात? आमच्या रक्तातच हाय. बाप शंभरीला टेकलावता. बायकू जाऊन तीस वर्सं झाली, मी आपला हाय अजून." मग त्यानं विचारलं, "तुमचा बाप किती जगला, पावणं?"

"त्र्याण्णव."

म्हातारा हसला नाही. बाकावर सरकला, मला जागा केली.

"मग बसा की. लई दिवस काढायचं हाईत तुम्हाला."

असला राग आला मला. तरी बसलो.