ओढ्याच्या वरचं वावर

कामशेतच्या कॉलेजात सुहास सरांनी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण पोरांच्या लक्षात राहिला तो एकच धडा, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. सर फळ्यावर नकाशा काढत आणि विचारत, "सत्तर वर्षं एका देशात नांदले, मग फाटलं कुठं?" उत्तरही तेच देत. उत्तरेत गुलामगिरी मोडीत निघाली होती, दक्षिणेत जोरात होती, आणि जुन्या राज्यांत ज्याचं त्याचं चाललं होतं. देश पश्चिमेला पसरू लागला तसं प्रत्येक नव्या जमिनीवर भांडण लागलं, इथं गुलाम ठेवायचे की नाही? मग नकाशावर रेघ ओढून तोड काढली, रेघेच्या वर गुलाम नाहीत, खाली चालतील. पुढं कॅन्ससच्या वेळी ती रेघच पुसली, निवाडा तिथल्या वस्तीवर सोडला. झालं, दोन्ही बाजूंनी आपापली माणसं नेऊन बसवली. रक्त सांडलं, आणि सात वर्षांत सगळा देश पेटला.

"रेघ पुसणाऱ्याला वाटतं, आपणच शहाणे," सर म्हणायचे.

आता या शहाण्या माणसानं घरी काय केलं ते ऐका.

पवनेच्या बाजूला सरांची आणि धाकट्या भावाची, बजरंगची शेती. सर भात लावणारे, तर बजरंगनं पर्यटकांसाठी टेंट टाकलेले. सरांच्या डोळ्यांत ते खुपायचे. शेवटी सरांनीच तोड काढली, ओढ्याच्या वर टेंट, खाली भात. बारा वर्षं कुरकुर नाही. सरांची बायको वारल्यावर तर दर रविवारी बजरंग कालवणाचा डबा घेऊन यायचा.

मग रतनबाई आत्या गेली आणि तिचं पंधरा गुंठ्यांचं वावर दोघा भावांच्या नावावर आलं. ते नेमकं ओढ्याच्या वर. ठरल्याप्रमाणे तिथं टेंट पडणार. पण आत्याच्या भातखाचरात परकी पोरं रात्रभर गाणी लावून नाचणार, हे सरांना सोसवेना. बजरंग दोन दिवस पुण्याला गेलेला पाहून त्यांनी इर्जिक घातली. इर्जिकीत हाक आली की भावकी येते, एका दिवसात आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकते आणि मालकाच्या घरी जेवते. चाळीस माणसं चिखलात वाकली. संध्याकाळपर्यंत वावर हिरवंगार.

बजरंग आला, बांधावर उभा राहिला. एक रोप उपटलं नाही त्यानं.

"दादा, ठरवलं तूच व्हतंस," एवढंच म्हणाला.

त्या रविवारपासून डबा बंद झाला. भावकीत दोन तट पडले. पुढच्या साली सरांच्या हाकेला चार माणसं आली, नंतर तीही नाहीत. आत्याचं वावर पडीक राहिलं. अमेरिकेत निदान गुलामगिरीसारखं पाप मोडायचं होतं. इथं कसलं पाप? नुसता सरांचा हट्ट.

चार वर्षं सर एकटे जेवले. ओढ्यापलीकडं टेंटचे दिवे लागले की बजरंग आहे, हेच समाधान. हा एकटेपणा त्यांना खात होता, पण पाय उचलत नव्हता.

यंदा जूनमध्ये उचलला. टेंटपाशी बजरंगचा गडी गेणू दोऱ्या ताणत होता. सर धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "बजरंगला बोलाव. म्हणावं, आत्याच्या वावरात टेंट टाक. चुकलं माझं."

गेणू बघतच राहिला. "भाऊ हितं कुटं हायेत, सर? होळीलाच गेलं लेकीकडं, नगरला. धंदा आता मी बघतो. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

सर माघारी वळले तशी गेणूनं हाक दिली.

"जाताना म्हणलं, दादा आलाच तर सांग, वरच्या वावरात भात लाव. माजी काय हरकत न्हाई."

म्हणजे सर जिंकले. घरी येऊन त्यांनी बजरंगला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

आवणीला त्यांनी कुणाला हाक मारली नाही. पंधरा गुंठे एकट्यानं लावायला नऊ दिवस लागले. शेवटच्या दिवशी इर्जिकीचा रिवाज म्हणून मालकानं रांधलं, ताट वाढलं, आणि राबलेला माणूसही आपणच एकटा, म्हणून आपणच जेवायला बसला.