खोक्यावरची लाल गाडी

वरच्या मजल्यावरच्या चित्रकार बाई, तुझ्याबद्दल लिहायला बसले की तू मनातल्या मनात मध्येच तोंड घालतेस, "काहीतरीच काय गं!" म्हणून. तेव्हा आता गप्प बस. मी तुला सरळ 'ती' म्हणते आणि मोकळी होते.

ती व्हिडिओ गेमच्या खोक्यांवरची चित्रं काढते. टीव्हीला जोडायचा तो कन्सोल तिच्या घरात नाही, एकही गेम तिनं आजवर खेळलेला नाही. गेम अर्धवट असतानाच कंपनी चार ओळी धाडते, त्यावरून ती चित्र रंगवते. तुटक्या पुलावरून झेप घेणारी ती लाल गाडी तिचीच. आतला गेम म्हणजे शुद्ध भंकस. गाडी भिंतीत शिरते ती शिरतेच. पण खोकं सीलबंद, एकदा फोडलं की परत घेत नाहीत. आणि विकत घेणारे कोण? आजी-आजोबा, काका-मावश्या, म्हणजे जे कधी खेळणार नाहीत तेच. त्यांना दिसते ती फक्त गाडी. गाडी धो धो खपली.

तिचा धाकटा भाऊ गेम बनवतो. आईवडिलांच्या मागे तिनंच त्याला वाढवलं. ओसाड बेटावरच्या दीपगृहाचा त्याचा गेम दुकानात येण्याआधीच जाणकारांनी डोक्यावर घेतला होता.

"चित्र मी काढू का रे?" तिनं विचारलं होतं.

"नको ताई. माल अस्सल असला की भरजरी झगा लागत नाही."

काळ्या खोक्यावर त्यानं एक बारकासा दिवा छापला. संपलं.

गेम दुकानात आला त्या दिवशी ती गुपचूप बघायला गेली. फळीपाशी एक आजोबा दोन हातांत दोन खोकी घेऊन घुटमळत होते.

"बाई, नातीसाठी घ्यायचंय. यातलं कुठलं बरं?"

"हे घ्या, दिव्याचं."

आजोबांनी खोकं उलटंपालटं केलं. "यात वीज गेलीय वाटतं!" आपल्याच विनोदावर ते हसले. "नको बुवा. ही गाडी बघा, कशी उडतेय! पोरगी खूश होईल." दिवा फळीवर परत गेला आणि गाडी काखेत. जाताजाता त्यांनी लांबूनच हाळी दिली, "बाई, मदत केलीत हो, आभारी आहे!"

फळीच्या टोकाला भाऊ उभा होता. तोही गुपचूपच आला होता. त्याला दिसली ती काखेतली गाडी, आणि ऐकू आले ते आभार.

"वा ताई," तो म्हणाला, "माझ्या पहिल्याच दिवशी स्वतःचा माल खपवलास!"

खुलासा तिच्या जिभेवर आला होता. पण करायचा म्हणजे काय म्हणायचं? 'अरे, मी तुझाच गेम दाखवला, तरी त्यांनी तो परत ठेवला'? चांगला गेम कुणी दाखवला की लोक घेतात, एवढ्या एका आशेवर तो आला होता. ती कशी काढून घ्यायची?

"सवय लागलीय रे," ती म्हणाली.

त्यानंतर तो तिचा जिना चढलेला नाही. त्याचा गेम खालच्या फळीवर गेला, मग दिसेनासाच झाला. तिला फोन येतो तो कंपनीचा, 'तश्शीच गाडी, या खेपेला निळी.' ती रंगवते. घरात आवाज असावा म्हणून रेडिओ चालू ठेवते, ऐकत नाही. खिडकीजवळची त्याची खुर्ची रिकामी असते. जागा अपुरी, तरी तिच्यावर ब्रशसुद्धा ठेवत नाही.

आणि मग, बाई, तू एक गुंडाळी घेऊन खाली आलीस. उलगडली तर दीपगृह. खवळलेला समुद्र, उजेडाचा झोत असा, की त्या आजोबांनीही झडप घातली असती.

"तुझ्या हातानं त्याला नेऊन दे. पुन्हा छापेल तेव्हा खोक्यावर घालेल."

मी लगेच चपला घातल्या. मला घोळ चालत नाही. तर दारातच तू माझा हात धरलास.

"थांब. आणि या चित्रामुळे खपला तर?"

"अगं, तर खपला!"

"त्याला काय वाटेल? माल नव्हे, ताईचा झगाच खपला?" तू म्हणालीस. "आज नको. मी सांगेन तेव्हा जा."

गुंडाळी माझ्या दाराशी छत्रीच्या शेजारी उभी आहे. जिन्यात भेटलो की तू हवेबद्दल बोलतेस.