मशालवाल्याचा पाय

श्री. काशिनाथ भोये सरांची आणि माझी पहिली ओळख खोडरबरावरून झाली. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या आश्रमशाळेत मी सहावीत होते आणि सर नुकतेच चित्रकलेचे शिक्षक म्हणून आले होते. व्हरांड्यातून त्यांच्या चपलांचा फटफट आवाज आला की वर्ग गप्प व्हायचा. पहिल्याच तासाला त्यांनी एक रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सगळ्यांनी आपापले रबर यात टाका. तास संपला की परत मिळतील." रबराशिवाय चित्र काढायचं? मी माझा रबर मुठीत लपवला. सरांनी तो पाहिला, पण मागितला नाही. माझ्या कागदाजवळ येऊन त्यांनी चुकलेल्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही राहू दे. पुढची नीट काढ. दोन्ही दिसल्या म्हणजे तू कुठून कुठं आलीस ते कळंल." त्या वेळी मला ते काही पटलं नव्हतं.

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं असं सत्कार समितीनं सांगितलं, तेव्हा खरं तर मी हात जोडले होते. मी जव्हारच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, लेखिका नाही. पण गेल्या वर्षभरात सरांसोबत जे काम केलं आणि त्यात मी जी चूक केली, ती मीच सांगायला हवी. दुसऱ्या कोणी सांगितली तर सर माझी बाजू घेऊन ती झाकून टाकतील.

सर शिक्षक होण्याआधी मुंबईला होते हे त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नाही. त्या काळी मुंबईत व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती. एका लहानशा कार्टून स्टुडिओच्या मालकानं डोक्यात घेतलं की आपणही असा खेळ काढायचा, आणि तोही हातानं रंगवलेल्या हलत्या चित्रांचा. खेळाच्या पेटीला पडदा असायचा, त्यावर कार्टून चालायचं. जंगलात पळणारा एक मुलगा असायचा, आणि खेळणाऱ्यानं नेमक्या क्षणी दांडा डावीकडे किंवा उजवीकडे ओढायचा. बरोबर ओढला तर मुलगा पुढं जायचा, चुकला तर दरीत पडायचा. सर तिथं चित्रं रंगवायचे. मालकाला जंगल हवं होतं, सरांनी आपलंच रंगवलं. दाभोशाचा धबधबा, उतारावरची नागलीची म्हणजे नाचणीची वावरं, आमच्याकडच्या बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे चढवून नाचवतात ती सोंगं, सगळं त्यात आलं. "पडायची चित्रं मी जास्त जीव लावून काढायचो," असं सर सांगतात. "खेळणारा जिंकतो एकदा, पडतो पन्नासदा. मग त्यानं जास्त काय बघायचं?" पुढं शिक्षक म्हणून नापास मुलांवर त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तिचं मूळ मला या वाक्यात सापडतं.

मी स्वतः त्या मेहनतीचा पुरावा आहे. आठवीत असताना आमचं घर मजुरीसाठी वीटभट्टीवर निघालं आणि बाबांनी मला शाळेतून काढायचं ठरवलं. सर जीपनं आमच्या पाड्यावर आले. मला वाटलं, आता शिक्षणाचं महत्त्व सांगतील आणि बाबा मान डोलावून शेवटी आपलंच खरं करतील. सरांनी शाळेचं नावच काढलं नाही. नागलीची भाकर खाल्ली, पाणी प्यायले आणि उठता उठता म्हणाले, "तुमच्या पोरीकडं शाळेचा एक रबर राहिलाय. तेवढा परत द्यायला पाठवा." बाबांचा पारा चढला. "आमी गरीब हाव, चोर नाय!" दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः मला शाळेत आणून सोडलं. सरांनी रबर घेतला, मला बाकावर बसवलं आणि बाबांना म्हणाले, "आता आलीच आहे तर परीक्षा देऊन जाऊ दे." ती परीक्षा झाली, मग पुढची झाली. रबर माझाच होता, हे बाबांना मी नोकरी लागल्यावर सांगितलं. ते हसत हसत म्हणाले, "मास्तर लई लबाड!"

तर, समितीनं ठरवलं की या वर्षी सरांचा तो जुना खेळ पुन्हा खेळता यावा. स्टुडिओ कधीच बंद पडला होता आणि यंत्रं भंगारात गेली होती. सरांकडे फक्त एक व्हिडिओ टेप होती, सगळी चित्रं ओळीनं भरलेली. आमच्याकडच्या दमट हवेत टेपांना बुरशी धरते, म्हणून सरांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून नागलीच्या कणगीत खुपसून ठेवली होती. मोखाड्यात पूर्वी लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाकडे टेप चालवायचं यंत्र निघालं. टेप कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा चित्र धूसर होतं, रंग विटलेले होते आणि पडद्यावर पांढरे ओरखडे नाचत होते. ते स्वच्छ आणि मोठं करायचं काम मी एआयकडून करून घ्यायचं ठरवलं. या एआयनं असंख्य चित्रं पाहिलेली असतात. धूसर जागी काय असेल याचा तो अंदाज बांधतो आणि ती जागा भरून काढतो.

सर एआयला घाबरले नाहीत. ओरखडे गेलेले पाहून लहान मुलासारखे खूश झाले. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून एकेक चित्र तपासायला बसले. नागलीच्या वावराची त्यानं बागेतली हिरवळ केली होती. बोहाड्याच्या राक्षसाच्या सोंगाला सुळे होते, तिथं गोड हसणारं तोंड बसवलं होतं. मी वैतागले. सर म्हणाले, "त्यानं बोहाडा बघितलाय कधी? मग त्याचा काय दोष? आपण बघितलाय, आपण सांगायचं." सरांच्या घरात बोहाड्याचं एक सोंग, म्हणजे रंगवलेला मुखवटा, पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते दुरुस्त करायची त्यांच्या घरची रीत अशी की जिथला रंग उडाला असेल तिथंच रंग लावायचा. खाली काय होतं ते ठाऊक नसेल तर ती जागा तशीच सोडायची, मनचं काही भरायचं नाही. आम्ही याच रीतीनं काम करू लागलो. एआयनं मनचं भरलेलं दिसलं की ते चित्र पुन्हा करायचं, आणि तरी जमलं नाही तर जुनं धूसरच ठेवायचं.

या खेळात एक मशालवाला आहे. वाट फुटते तिथं तो पडद्याच्या कडेनं जातो. त्याच्यामागं दांडा ओढला तर मुलगा वाचतो. हा मशालवाला म्हणजे सरांचे मित्र रावजी. ते सरांबरोबरच मुंबईला गेले होते आणि त्याच स्टुडिओत चित्रांच्या पारदर्शक शीट धुवायचे, म्हणजे त्या पुन्हा वापरता यायच्या. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडून त्यांचा उजवा पाय अधू झाला होता. सरांनी त्यांच्या हातात झाडूचा दांडा दिला, त्यांना गच्चीवर चालायला लावलं आणि बघून बघून चित्रं काढली. काम झाल्यावर त्या शीटही धुवायला आल्या. रावजींनी आपली चाल आपल्याच हातानं धुऊन टाकली. टेपवर उरली तेवढीच उरली.

रावजी गावी परतले, लग्न केलं आणि थोड्याच वर्षांत तापानं गेले. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो एका पावसाळ्यात भिंतीवरच ओघळला. त्यांच्या पत्नी जानकीबाई जामसरला राहतात. सरांनी त्यांना तेव्हाच शब्द दिला होता, "वहिनी, रावजी पडद्यावर आहे. एक दिवस तुम्हाला दाखवीन." आता जानकीबाईंना मोतीबिंदू झालाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या हातच झटकतात. थोडं दिसतं आहे तोवर रावजी दाखवायला हवे होते. सगळ्या खेळात सरांचा जीव कशात अडकला होता तर एवढ्यात.

त्यात सर तापानं आठवडाभर पडून राहिले. मी म्हटलं, तोवर आपण करून ठेवू, सरांना बरं वाटेल. मशालवाल्याचा चेहरा टेपवर नुसता डाग होता. एआयनं त्याला नाक, डोळे, मिशी दिली. मला आनंद झाला. चालताना तो मध्येच झटका खात होता, टेप अडकावी तसा. मला तो दोष वाटला, म्हणून मी तोही काढून टाकला. मशालवाला कसा सुरेख चालू लागला! आणि मी, शहाणी, सरांना न विचारता तो फोनवर घेऊन जामसरला गेले.

जानकीबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. दोनदा पाहिलं. मग मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाल्या, "चांगला हाय गं पोरगा. कोणाचा?"

परत येताना जीपमध्ये मी मोतीबिंदूला दोष देत होते. खरं सांगते, मनातून मला कळलं होतं. सरांकडे गेले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. सरांनी चित्र पाहिलं आणि विचारलं, "याचा पाय कुठाय?"

"सर, तो झटका होता. काढून टाकला."

सरांनी ते चित्र पुन्हा लावून पाहिलं. मग म्हणाले, "अगं, झटका नाही तो. रावजी आहे."

ते एक चित्र त्यांनी मुद्दाम जास्त वेळ थांबवलं होतं आणि पुढचं लगेच टाकलं होतं, म्हणजे पाय ओढल्यासारखा दिसावा. गच्चीवर कितीतरी वेळ त्यांनी तेवढं एकच पाऊल पाहिलं होतं. मी ते एका क्लिकमध्ये सरळ केलं. मला रडू आलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाले, "मूळ टेप आहे ना? मग काय गेलं? चल, बस."

पाय परत आणला. मशालीची ज्योत, झाडं, अंधाराचा निळा रंग, सगळं स्वच्छ केलं. चेहऱ्यापाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "सर, चेहरा तुम्हीच काढा ना. तुम्हाला आठवतो." सरांनी पेन्सिल उचलली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली. "आज काढला तर या म्हाताऱ्याच्या आठवणीतला रावजी होईल तो. वहिनींचा त्याहून वेगळा असंल. राहू दे तसाच." चेहरा धूसरच राहिला.

दुसऱ्या खेपेला सर स्वतः आले, अंगात अशक्तपणा होता तरी. दुपारची वेळ होती. जानकीबाईंच्या घरात उपड्या टोपलीवर लॅपटॉप ठेवला आणि दार लोटून घेतलं. मला भीती वाटत होती, कारण आता तर चेहराही नव्हता. मशालवाला कडेनं आला, पाय ओढत तीन-चार पावलं चालला आणि झाडामागं गेला.

जानकीबाई म्हणाल्या, "थांब. परत लाव."

परत लावलं. त्या पुढं सरकल्या. पडद्यावरच्या पायावर त्यांनी बोट ठेवलं. "भाऊ," त्या सरांना म्हणाल्या, "यो तं त्योच! मी चुलीपाशी पाठमोरी असायची. ह्यो पाय वाजला का समजायचं, आला." आणि त्या हसल्या, मोठ्यानं, तोंडाला पदर लावून. मग डोळे पुसले. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्या दुपारी मशालवाला किती वेळा चालला याची मोजदाद नाही. शेवटी बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. मी चार्जर शोधू लागले तर जानकीबाईंनी माझा हात धरला. "राहू दे गं आता," त्या म्हणाल्या. "दमला असंल."

सत्काराच्या दिवशी तो खेळ आमच्या जुन्या आश्रमशाळेत मांडणार आहोत. पेटी इथल्याच सुतारानं केली आहे. या ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी सरांचा फोटो 'जरा स्वच्छ करून' द्या, असं समितीनं मला सांगितलं होतं. मी तो आहे तसाच दिला आहे. सुरकुत्या, कपाळावरची खोक, वाकडा चष्मा, सगळं जागच्या जागी आहे. कुणाला गैर वाटलं तर दोष माझा.

सर, तुम्ही आजही जव्हारला माझ्या शाळेत येता तेव्हा व्हरांड्यातून चपलांचा तो फटफट आवाज येतो, आणि माझा हात आपोआप रबराकडे जातो. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्ही आपापल्या कामात पाठमोरे असताना तो आवाज यावा, आणि वळून न बघताच आम्हाला कळावं की सर आले. असं अजून पुष्कळ वर्षं होत राहो.